जनित्राच्या उष्णतेचा अदमास

पनवेल तालुक्यांतील कामोठें हें पूर्वीं भातखाचरांचें गांव. आज तेथें इमारती आहेत, व वीज गेल्यावर पंप चालविण्यास डिझेलचें जनित्र लागतें. शीतखोलीसाठीं तसेंच जनित्र घेणाऱ्या बागाइतदारानें त्याच्या उष्णतेचा हिशेब आधींच करावा. नाहीं तर शीतयंत्र तापलेला वारा ओढीत बसतें व माल नासतो.

पाटीवरील १० किलोवॅट हा आंकडा विजेचा, उष्णतेचा नव्हे. अदमास तेलावरून घ्यावा. एक लिटर डिझेल जळलें म्हणजे सुमारें १० युनिट उष्णता निघते. असें जनित्र पूर्ण भारावर तासास साधारण ३.५ लिटर तेल खातें, म्हणजे ३५ युनिट. पैकीं १० विजेच्या रूपानें मिळतात, ११ च्या आसपास धुराबरोबर जातात, आणि रेडिएटर आंत असल्यास उरलेलीं १४ खोलींतच सुटतात. धुराच्या नळीस उष्णतारोधक वेष्टन नसेल तर त्यांत आणखी भर पडते.

खोली बाहेरच्या हवेपेक्षां १० अंशांहून अधिक तापूं द्यावयाची नसेल, तर दर सेकंदास सुमारें १.२ घनमीटर वारा खेळला पाहिजे. हातभर झरोक्यानें हें होणें नाहीं! वारा येण्याची व जाण्याची वाट समोरासमोर मोठी ठेवावी, आणि बाहेर पडणारा झोत कंडेन्सरकडे वळूं देऊं नये. धुराची नळी छपराबाहेरच काढावी. त्यांतील कार्बन मोनॉक्साइडला रंग नाहीं, वास नाहीं, आणि बंद खोलींत तो माणसाचा प्राण घेतो.