हंडीतील कडू फळ

(उपदेशकांच्या मासिक वर्गासाठी पाठ)

शास्त्रभाग : २ राजे ४:३८-४१. सोबत वाचावे : यिर्मया २९:४-७, लेवीय २३:९-१४.



गिलगाल येथे दुष्काळ पडला असता अलीशा संदेष्ट्याने आपल्या चाकरास मोठी हंडी चुलीवर चढवून शिष्यांसाठी कालवण शिजवावयास सांगितले. त्यांपैकी एकजण भाजीपाला खुडावयास रानात गेला. तेथे त्यास एक रानवेल आढळला. त्याची फळे त्याने ओटाभर तोडून आणली आणि चिरून हंडीत टाकली. ती कसली, हे कोणासच ठाऊक नव्हते. जेवण सुरू होताच आपण विष खात आहो असे कळून सर्व ओरडू लागले. पुष्कळ टीकाकारांच्या मते ती कडू इंद्रावणाची फळे होती. हा वेल कलिंगडाचा भाऊबंद. फळ दिसावयास गोजिरे, परंतु पोटात गेल्यास भयंकर जुलाब होतात.

त्या मनुष्याचा दोष कोणता, ह्याचा वर्गाने विचार करावा. तो आळशी नव्हता. दुष्काळात बंधूंच्या पोटाची त्यास काळजी होती. त्याच्या ठायी प्रीती होती, ज्ञान मात्र नव्हते. आणि ज्यास ज्ञान होते अशा कोणास त्याने विचारल्याचे शास्त्रात लिहिलेले नाही. आणखी हेही ध्यानात घ्यावे की, एवढे होऊनही अलीशाने हंडी ओतून दिली नाही, किंवा ह्यापुढे रानातील भाजी खाऊ नका असा नियम घातला नाही.

१९८२ साली चांद्यापासून गडचिरोली हा निराळा जिल्हा झाला, तरी वैनगंगेच्या दोन्ही तीरांवरचे रान एकच आहे, आणि हा पाठ त्या रानास चांगलाच लागू पडतो. पावसाच्या तोंडावर कुड्याची फुले, मृगाच्या सरींनंतर तरोट्याची पाने, मग वास्ते, काटवल आणि वारुळावरच्या सात्या. उन्हाळ्यात मोहफुले, चार व टेंभरे. प्रत्येकाची रीत निराळी. तरोटा कोवळा आहे तोवरच खावा. वास्ते, म्हणजे बांबूचे कोंब, ह्यांत कच्चेपणी विषार असतो. म्हणून ते चिरून उकडावे व ते पाणी फेकून द्यावे. कडू कांद्याच्या चकत्या उकडून वाहत्या पाण्यात ठेवल्यावाचून तोंडात घालवत नाहीत. ही विद्या आम्हांस सेमिनरीत शिकविली नाही. ती आपल्या आज्यांच्या हातांत आहे, आणि त्या आज्या एकेक करून जात आहेत.

असे असून आपल्या लोकांस ह्या विद्येची लाज वाटू लागली आहे. एका गावी मी मुक्कामास असता उपदेशकाच्या घरी मला बटाट्याची भाजी वाढण्यात आली. चुलीपाशी मात्र मुले काटवल खात होती. वास आला म्हणून मी मागितले, तेव्हा गृहिणी ओशाळून म्हणाली, “साहेब, रानातली भाजी होय जी ही, तुमच्या ताटात कशी वाढू?” बटाटे उधारीने आणले होते, हे मागाहून समजले. हा दोष त्या बाईचा नव्हे. आम्ही शहरात शिकून आलेल्या पाळकांनीच बाजारच्या ताटाची ऐट गावोगावी नेली. नागपुरात तेच काटवल महाग भावाने घेतात!

लाजेपोटी नुकसान होते ते केवळ पैशाचे नव्हे. दुसऱ्या एका गावी म्हातारी वारल्यावर दोन वर्षांनी तिच्या नातवंडांनी सात्या समजून भलतीच अळंबी आणली. घरातील पाच माणसे दवाखान्यात पडली. देवकृपेने सर्व वाचली. परंतु धाकटी मुलगी किती दिवस अंथरुणास खिळली होती, ते मी पाहिले आहे.

येथे उपदेशकांनी लोकांस स्पष्ट सांगावे. अलीशाने हंडीत पीठ टाकले व बाधा गेली, ते देवाचे अद्भुत कृत्य होते. पीठ हे विषावरचे औषध नव्हे. लसूण किंवा चांदीचे नाणे काळे पडले तर अळंबी विषारी, नाही तर चांगली, ही समजूतही खोटी आहे. अतिघातक अळंब्यांची बाधा बहुधा सहा तासांनंतर, कधी दुसऱ्या दिवशी दिसू लागते. मध्येच उलट्या थांबून रोग्यास बरे वाटले, तरी आत यकृत नासत असते. म्हणून प्रार्थना करीतच, पण ताबडतोब, उरलेली अळंबी बरोबर घेऊन सरकारी दवाखाना गाठावा.

इंद्रावणाच्या जातीचे कडू द्रव्य कधी कधी घरच्या दुधी, दोडके व काकडी ह्यांतही उतरते. कारले जन्माचेच कडू, त्याचे भय नाही. परंतु दुधी कडू लागला तर तो कितीही कष्टाने वाढविलेला असो, फेकून द्यावा. त्याचा रस पिऊन माणसे दगावली आहेत.

रानभाजी ही हंगामाची पाहुणी होय. रोजच्या घासासाठी सांदवाडी पाहिजे. यिर्मयाने बाबेलातील बंदिवानांस बागा लावून त्यांचे फळ खाण्यास सांगितले. ते तर परक्या मुलखात होते! न्हाणीचे पाणी रस्त्यावर सोडून चिखल करण्यापेक्षा ते केळीस व धोप्यास द्यावे. कोपऱ्यात मुंगण्याची, म्हणजे शेवग्याची, फांदी रोवावी. त्याच्या पाल्यात, वजनास वजन धरिले तर, गाईच्या दुधाच्या दुपटीहून अधिक कॅल्शियम असते. आणि आपण शेंगा खाऊन पाला शेळीस घालतो. मांडवावर पोपटाच्या शेंगा व दोडके चढवावेत. पोळ्यानंतर भेदरे, वांगी, मेथी. काटवलाचे कंदही रानातून आणून कुंपणाशी लावता येतात. मात्र ह्या वेलात नर निराळा व मादी निराळी असते. जवळ एकही नर वेल नसेल तर फूल येईल, फळ धरणार नाही. अनेकांनी ह्याच कारणाने कंटाळून वेल उपटून टाकले आहेत.

आता हंगामाविषयी. आपले गोंड व माडिया शेजारी पंडुम झाल्यावाचून नवे फळ तोंडात घालीत नाहीत. बाप्तिस्मा घेतल्यावर आपण त्या पूजेतून मोकळे झालो, हे योग्यच. परंतु काही कुटुंबांनी पूजेबरोबर धीरही सोडला आहे. चार हिरवीच ओरबाडतात, इतकेच नव्हे तर फांद्याही तोडतात. मग झाडाखाली बी पडावे कोठून? इस्राएलासही पहिली पेंढी परमेश्वरापुढे आणीपर्यंत नवे धान्य खाण्याची मोकळीक नव्हती. प्रत्येक हंगामाचे पहिले पिकलेले फळ उपासनेस आणावे व तोवर त्या झाडास हात लावू नये, असा ठराव आपल्या मंडळ्यांनी का करू नये? माझ्या मते ह्या बाबतीत शेजाऱ्यांपुढे आपण मान खाली घालण्याजोगे वागलो आहो.

पुढील वर्गास प्रत्येक उपदेशकाने आपल्या गावच्या एका वृद्ध बाईस, मग ती मंडळीची असो वा नसो, सन्मानाने बरोबर आणावे. तिने त्या आठवड्यात रानात मिळणारी भाजी आणून तिची ओळख व शिजविण्याची रीत सांगावी, आणि मुलांनी ती वहीत लिहून घ्यावी. ज्या पानाविषयी दोन बायांचे एकमत होणार नाही, ते त्या दिवशी हंडीत घालू नये.