पोवळ्यांचे रंग आणि खरें छायाचित्र



पोवळें म्हटलें म्हणजे आजीच्या गळ्यांतील तांबडी माळ किंवा अंगठींतील खडा आपल्या डोळ्यांपुढें येतो. परंतु तें पोवळें म्हणजे समुद्रांतील एका प्राण्याचा निर्जीव सांगाडा होय. जिवंत प्रवाळें हिरवीं, जांभळीं, नारिंगी, निळीं अशीं नाना रंगांचीं असतात. युरोप, अमेरिका, जपान इत्यादि देशांत पुष्कळ हौशी लोक खाऱ्या पाण्यानें भरलेल्या काचेच्या पेटींत त्यांची लहानशी बाग घरींच जोपासतात. अशा पेटीचें छायाचित्र घेणें मात्र वाटतें तितकें सोपें नाहीं. डोळ्यांस जो देखावा मनोहर दिसतो, तोच चित्रांत पुष्कळदां नुसता निळा डाग होऊन उमटतो. असें कां होतें व त्यावर उपाय काय, ह्याचा आज विचार करूं.

१. रंग कोठून येतो?

प्रवाळ ही वनस्पति आहे असें पूर्वीचे विद्वान् मानीत. अठराव्या शतकांत पेसोनेल नांवाच्या फ्रेंच वैद्यानें पोवळ्याचीं तथाकथित 'फुलें' समुद्राच्या पाण्यांत ठेवून त्यांचें निरीक्षण केलें, आणि तीं फुलें नसून हालचाल करणारे बारीक जीव आहेत असें दाखविलें. हे जीव आपल्याभोंवतीं चुन्याचें घर बांधतात. त्यांपैकीं पुष्कळांच्या शरीरांत सूक्ष्म शैवाल राहतें. तें सूर्यप्रकाशांत अन्न तयार करतें व त्याचा मोठा वांटा आपल्या यजमानास देतें. ह्या शैवालाचा रंग तपकिरी असतो. हिरवा, तांबडा, जांभळा हे झगझगीत रंग प्रवाळ स्वतःच्या शरीरांत प्रथिनांच्या रूपानें बनवितें.

ह्या प्रथिनांपैकीं कांहींचा गुण विलक्षण आहे. त्यांवर निळा प्रकाश पडला असतां तीं तो शोषून घेतात व हिरवा किंवा तांबडा प्रकाश बाहेर टाकतात. ह्यास प्रतिदीप्ति म्हणतात. असें हिरवें प्रथिन शिमोमुरा ह्या जपानी शास्त्रज्ञानें १९६२ सालीं एका समुद्री जेलीमाशापासून वेगळें केल्याचें प्रसिद्ध झालें. १९९९ सालीं प्रवाळवर्गांतील एका प्राण्यांत तांबडें प्रथिन सांपडलें. आज जीवशास्त्रज्ञ हीं प्रथिनें पेशींत दिव्यांसारखीं लावून आंतील व्यापार पाहतात. हिरव्या प्रथिनावरील कामाबद्दल २००८ सालचें रसायनशास्त्राचें नोबेल पारितोषिक शिमोमुरा, चाल्फी व त्सिएन ह्या तिघांस मिळालें.

२. कॅमेरा कां फसतो?

पाणी सूर्यप्रकाशांतील तांबडे किरण आधीं शोषून घेतें, म्हणून खोल समुद्रांत निळा प्रकाशच उरतो. प्रवाळांतील शैवालास तो मानवतो. ह्यामुळें घरच्या पेटीवरही सुमारें ४५० नॅनोमीटर तरंगलांबीचे निळे दिवे लावतात. आपले डोळे व मेंदु अशा प्रकाशास लवकर सरावतात. कॅमेऱ्यास ती सवय नाहीं. त्यांतील निळा प्रकाश टिपणारे बिंदु ओसंडून वाहतात, आणि तांबडे व हिरवे टिपणारे बिंदु जवळजवळ रिते राहतात.

३. कृति

(१) तासभर आधीं काचेवरील हिरवट थर पुसून काढावा; म्हणजे उडालेला गाळ तोंवर खालीं बसतो.

(२) पाणी हलविणारे पंप पांच-दहा मिनिटेंच बंद ठेवावेत. अधिक वेळ ठेवल्यास पाण्यांतील प्राणवायु कमी होऊन जीवांस अपाय होईल.

(३) खोलींतील दिवे मालवून कॅमेरा तिपाईवर ठेवावा व भिंग काचेशीं अगदीं काटकोनांत धरावें. किरण पाण्यांतून व काचेंतून हवेंत येतांना वांकतात. भिंग तिरपें असल्यास हें वांकणें प्रत्येक रंगाचें थोडें निरनिराळें होऊन चित्र पुसट होतें.

(४) भिंगापुढें नारिंगी किंवा पिंवळी काच लावावी. ती जादा निळा प्रकाश अडविते.

(५) पांढऱ्या प्लॅस्टिकची स्वच्छ पट्टी प्रवाळाच्या शेजारीं पाण्यांत धरून प्रथम तिचें चित्र घ्यावें, आणि ती चित्रांत पांढरी दिसेल अशा बेतानें कॅमेऱ्याचे रंग जुळवावेत.

(६) उजेड किंचित् कमीच घ्यावा. निळा रंग एकदां ओसंडला म्हणजे त्यांतील बारकावे मागून परत आणतां येत नाहींत.

एवढें करूनही जो रंग प्रकाशांतच नाहीं, तो चित्रांत येणार नाहीं. तांबडा रंग केवळ परावर्तनानें दाखविणारी वस्तु शुद्ध निळ्या प्रकाशांत काळीच दिसते. म्हणून अभ्यासू मनुष्य एकाच प्रवाळाचीं दोन चित्रें घेतो, एक पांढऱ्या प्रकाशांत व दुसरें निळ्या, आणि प्रत्येकाखालीं तसें लिहून ठेवतो.

४. सत्याचा प्रश्न

हें लिहून ठेवणें क्षुल्लक वाटेल, पण तसें नाहीं. आज यंत्राच्या साहाय्यानें वाटेल तो रंग गडद करतां येतो. असें भडक चित्र पाहून कोणी प्रवाळ विकत घेतो, आणि घरीं तें फिकें दिसलें म्हणजे निराश होतो. ही फसवणूकच होय. परंतु ह्याहून मोठें नुकसान निराळें आहे. प्रवाळाचा रंग हा त्याच्या नाडीसारखा असतो. पाणी फार तापलें कीं तें आपल्या शरीरांतील शैवाल बाहेर टाकतें व पांढरें पडतें. उष्णता टिकून राहिली तर उपासमारीनें मरतें. इतिहासांतील चौथी जगव्यापी विरंजनाची आपत्ति चालू असल्याचें अमेरिकेच्या हवामान व समुद्रविषयक संस्थेनें २०२४ च्या एप्रिलांत जाहीर केलें. ऑस्ट्रेलियांतील क्वीन्सलंड विद्यापीठांत २००२ सालीं निघालेल्या 'कोरलवॉच' ह्या उपक्रमांत छटांचा एक तक्ता प्रवाळाशेजारीं धरून त्याची प्रकृति ताडून पाहतात. तें काम सामान्य माणसेंही करूं शकतात. पेटीच्या मालकानें दरमहा एकाच प्रकाशांत, एकाच जागेवरून घेतलेलें साधें चित्रही त्याला रोगाची सूचना वेळीं देईल. मात्र त्यानें रंग सजविला असेल, तर त्याचा पहारेकरीच झोंपला असें समजावें.

५. आपल्यापुरतें

मालवणच्या समुद्रांतही प्रवाळें आहेत. परंतु १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टांत २००१ सालीं पाषाणप्रवाळांचा समावेश झाला आहे. तीं उपटून घरीं आणणें हा गुन्हा होय. ह्यास्तव पालकांस विनंति कीं, मुलांनीं हट्ट धरल्यास प्रवाळांऐवजीं गोड्या पाण्यांतील माशांची एक लहान पेटी त्यांस द्यावी. काच, पाणी व प्रकाश ह्यांचे नियम तेथेंही तेच आहेत, आणि पांढऱ्या पट्टीचा प्रयोग तेथेंही साधतो.

पवित्र शास्त्रांत ईयोबाच्या २८ व्या अध्यायांत ज्ञानाचें मोल सांगतांना पोवळ्यांचाही उल्लेख आला आहे, आणि ज्ञान त्यांहून मोलाचें ठरविलें आहे. देवानें निर्माण केलेली वस्तु जशी आहे तशी पाहणें व जशी पाहिली तशी दुसऱ्यास दाखविणें, ही त्या ज्ञानाची पहिली पायरी होय. कॅमेरा हातीं घेणाऱ्या प्रत्येक मुलानें व मुलीनें ती चढावी.