रातपाळी, झोप आणि हाडातील चुना

पेठ वडगाव परिसरात रात्र जागवणारे काही कमी नाहीत. इचलकरंजीच्या मागावर रातपाळीला जाणारे, गळीत हंगामात कारखान्यात राबणारे, आणि विजेची पाळी रात्रीची आली की बॅटरी घेऊन उसाला पाणी पाजायला निघणारे शेतकरी. कंबर धरते, हाडे ठणकतात, ही या मंडळींची नेहमीची तक्रार. त्यात कष्टाचा वाटा मोठा आहेच. पण जागरणाचाही थोडा विचार करायला हवा.

आपल्या मेंदूच्या मध्यभागी पिनियल नावाची वाटाण्याहून लहान ग्रंथी असते. अंधार पडला की ती मेलाटोनिन हे संप्रेरक रक्तात सोडते. डोळ्यांवर प्रखर उजेड आला की स्राव आटतो. अमेरिकेतील डॉ. एरन लर्नर यांनी १९५८ मध्ये गाईबैलांच्या ग्रंथींतून ते वेगळे केले. गंमत म्हणजे हे गृहस्थ त्वचारोगतज्ज्ञ!

आता क्षारांकडे वळू. मूत्रपिंडे सोडियम व पोटॅशियम दिवसा जास्त आणि रात्री कमी बाहेर टाकतात. हे काम शरीराच्या घड्याळाचे, एकट्या मेलाटोनिनचे नव्हे. कॅल्शियमची, म्हणजे हाडातील चुन्याची, गोष्ट अधिक लक्षात घेण्याजोगी आहे. डेन्मार्कमध्ये पाळी गेलेल्या, हाडे विरळ झालेल्या ८१ स्त्रियांवर वर्षभर प्रयोग झाला. तो २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. मेलाटोनिन घेणाऱ्यांच्या लघवीवाटे जाणारे कॅल्शियम सुमारे १२ टक्क्यांनी घटले आणि खुब्याजवळील हाडाची घनता किंचित वाढली. प्रयोग लहान आहे, हे विसरू नये. तरीही अमेरिकेतील परिचारिकांच्या २००९ च्या मोठ्या पाहणीत वीस वर्षांहून अधिक रातपाळ्या केलेल्यांत खुबा व मनगट मोडण्याचे प्रमाण जास्त आढळले, तेव्हा दुर्लक्षही करता येत नाही.

म्हणून मेलाटोनिनच्या गोळ्या आणाव्यात काय? मुळीच नाही. रक्त पातळ करण्याचे औषध चालू असणाऱ्यांनी तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय त्यांना हात लावू नये. रातपाळीहून आल्यावर खिडकीला जाड पडदा लावून सलग झोप घ्यावी. दिवसा झोपणाऱ्याला ऊन मिळत नाही, आणि उन्हाशिवाय ड जीवनसत्त्व कमी पडून खाल्लेला चुना अंगी लागत नाही. तेव्हा उठल्यावर थोडा वेळ उन्हात बसावे. आहारात दूध, तीळ आणि नाचणी असावी. शंभर ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. साध्या पडण्यानेही हाड मोडले, तर मात्र प्लास्टरवर न थांबता हाडांची घनता तपासून घ्यावी.