‘होसान्ना’ या शब्दाचा अर्थ

परळीस वैजनाथाच्या पायऱ्या चढताना यात्रेकरू ‘हर हर महादेव’ असा घोष करितात. झावळ्यांच्या रविवारी ख्रिस्तमंदिरात उठणारा ‘होसान्ना’ हाही आम्हांस तसाच जयघोष वाटतो. परंतु मुळात तो जयघोष नव्हे. तो धावा होय.

शब्द इब्री भाषेतील. ‘होशीआ’ म्हणजे तार, वाचव. ‘ना’ हे विनवणीचे अव्यय. आमच्या ‘ये ना’, ‘दे ना’ यांतील ‘ना’शी त्याचे नाते नाही, तथापि भाव नेमका तोच! स्तोत्र 118 मधील 25 व्या वचनात हा धावा आहे. तकोवा येथील स्त्री दावीद राजापुढे दाद मागते, तीही याच क्रियापदाने (2 शमुवेल, अध्याय 14). ‘येशू’ हे नावही त्याच धातूचे.

मांडवांच्या सणात यहूदी लोक डहाळ्या घेऊन हे स्तोत्र म्हणतात. आमचे मराठीभाषी बेने इस्राएल बंधूही ते म्हणतात. मुंबईतील त्यांचे पहिले सभास्थान 1796 सालचे. अशा सणाच्या मुखी राहून धाव्यास हर्षाचा सूर चढला असावा.

मत्तयाने हा शब्द भाषांतर न करिता तसाच ठेविला. लूकाने तो गाळिला, बहुधा ग्रीक वाचकांस तो उमगणार नाही म्हणून. यरुशलेमेच्या वाटेवर ओरडणारे लोक रोमी अंमलाखाली होते. वाचव म्हणताना अनेकांच्या मनात कर आणि शिपाई असतील. ज्याला ते हाक मारीत होते, तो मात्र शिंगरावर बसून आला होता.