चार वर्षांची ओळ

कांदिवली (पूर्व)

चि. ताई,

तुझ्या रेझ्युमेचे तिन्ही मसुदे सावकाश वाचले. कोणता नमुना पत्करावा, हा तुझा प्रश्न वरकरणी मांडणीचा असला, तरी सासऱ्यांच्या शुश्रूषेत गेलेली चार वर्षे परक्या माणसाला कशी सांगावीत, हीच तुझी खरी विवंचना आहे, असे मला वाटते.

१९६३ साली महिंद्रांनी इंटरनॅशनल हार्वेस्टर व व्होल्टास यांच्या भागीदारीत ट्रॅक्टरची कंपनी स्थापली आणि पुढे आपल्या कांदिवलीत ट्रॅक्टर तयार होऊ लागले, त्या पिढीतील पुष्कळांवर आपली हकीकत स्वतः रचण्याचा प्रसंग येत नसे. कारण १९५९ च्या कायद्यान्वये २५ किंवा अधिक नोकर असलेल्या खाजगी आस्थापनांनाही रिक्त जागा सेवायोजन कार्यालयास कळविणे भाग होते, आणि तेथे ठराविक रकान्यांत उमेदवाराचा तपशील नोंदला जाई. सरकारी भरतीत आजही विहित नमुना चालतो. खाजगी नोकरीत मात्र निवडीचा भार तुझ्यावरच आहे.

ज्या मसुद्यात केवळ कौशल्यांची यादी असून हुद्दे आणि तारखा तळाशी दडविल्या आहेत, तो निःशंकपणे बाजूस ठेव. अर्जांची चळत उपसणाऱ्या माणसाला तारखा सापडल्या नाहीत, की येथे काही लपविले आहे असा त्याचा ग्रह होतो, आणि ज्या वर्षांबद्दल तुला अभिमान वाटावा त्यांच्यावर नाहक किटाळ येते. अलीकडच्या नोकरीपासून मागे जाणारा नमुना सर्वांत विश्वासार्ह खरा, आणि एकाच क्षेत्रात अखंड चढत गेलेल्याने दुसरा शोधूच नये. परंतु तुझ्या बाबतीत त्याचा आरंभच खंडापासून होतो.

म्हणून तिसरा, संमिश्र नमुना घे. आरंभी चार-पाच ओळींत तुला काय येते ते सांग: पुरवठादारांच्या दरपत्रकांची तुलना, परचेस ऑर्डर काढणे, भांडारातील साठ्याचा हिशेबाशी मेळ घालणे. मात्र अशा प्रत्येक ओळीला खालच्या एखाद्या नोकरीत आधार असलाच पाहिजे. त्यानंतर नोकऱ्या उलट्या क्रमाने येऊ देत, आणि त्यांच्या अग्रभागी, वर्षांसह, ‘कौटुंबिक शुश्रूषा’ अशी एक ओळ असू दे. तिच्यासाठी क्षमायाचना नको. त्या काळात केलेला जीएसटीचा अभ्यासक्रम तेवढा तिच्याखाली नोंद.

धर्म, जात, वडिलांचा व्यवसाय हा सारा मजकूर काढून टाक. दोन स्तंभ आणि रंगीत चौकटीही नकोत. अनेक कंपन्यांत अर्ज प्रथम संगणक वाचतो आणि अशा मांडणीत त्याच्या वाचनाचा क्रम बिघडू शकतो. पदवीच्या दाखल्यावर तुझे माहेरचे नाव आहे, तेव्हा दोन्ही नावे स्पष्ट लिही.

चारकोपच्या औद्योगिक वसाहतीतील जागेसाठी खरेदीचे काम वर घे, कारण जाहिरातीत भर त्यावरच आहे. सुधारलेला मसुदा रविवारच्या आत पाठव; तारखा आपण दाखल्यांशी ताडून पाहू.

तुझा,
मामा