आपल्या नदीचें माहेर आणि राखीव वनें

सायखेड्याच्या पुलावरून गोदावरीकडे पाहत असतां ही नदी आपलें पाणी कोठून आणते, असा प्रश्न सहसा कोणाच्या मनांत येत नाहीं. परंतु सन २०१६ व २०१९ च्या पावसाळ्यांत तिचें पाणी गांवांत शिरलें, तेव्हां लहानथोर सर्वांसच तो पडला असेल. या नदीचें माहेर त्र्यंबकेश्वराजवळील ब्रह्मगिरि होय. तेथील डोंगरांवर झाडी आहे कीं नाहीं, ही गोष्ट म्हणूनच सायखेडेकरांनीं आपल्या घरचीच समजली पाहिजे.

डोंगरावर झाडी असली म्हणजे पावसाचा मारा प्रथम पानें झेलतात. खालचा पालापाचोळा पाणी धरून ठेवतो व मुळांच्या वाटेनें तें हळूहळू जमिनींत मुरतें. पुढें तेंच झऱ्यांच्या रूपानें नदीस मिळतें. डोंगर उघडा पडला कीं पाणी माती घेऊन एकदम खालीं धांवतें. अतिवृष्टीचा महापूर कोणतेंहि अरण्य थोपवूं शकणार नाहीं, हें खरें. तथापि नेहमींच्या पावसाचा वेग आवरणें व माती जागच्या जागीं राखणें, हें काम झाडीइतकें चांगलें दुसरें कोणी करीत नाहीं.

हिंदुस्थानांत वनखातें १८६४ सालीं स्थापन झालें, आणि १८७८ च्या कायद्यान्वयें पुष्कळ जंगलें राखीव ठरलीं. परंतु त्या वेळच्या सरकारची दृष्टि मुख्यतः लांकडावर होती. रेल्वेस तें फार लागे. गुरें चारणें व सरपण आणणें यांस अटकाव झाल्यामुळें गोरगरिबांचे हाल झाले. महात्मा जोतीराव फुले यांनीं 'शेतकऱ्याचा असूड' या ग्रंथांत वनखात्यावर कडक टीका केली, ती याचसाठीं. १९३० सालीं बिळाशी, चिरनेर वगैरे ठिकाणीं जंगल सत्याग्रह झाले, त्यांच्या मुळाशींहि हाच असंतोष होता. यावरून एक धडा मिळतो. ज्यांच्या दारांत रान आहे, त्यांस परकें करून रान राखतां येत नाहीं.

लांकडासाठीं नव्हे, तर सृष्टिसौंदर्य व जीवसृष्टि यांसाठीं रान राखावें, ही कल्पना निराळी. अमेरिकेनें १८७२ सालीं यलोस्टोन येथें राष्ट्रीय उद्यान केलें. न्यूझीलंडनें १९०३ मध्यें रमणीय वनश्री राखण्याकरितां स्वतंत्र कायदाच केला. आपल्या देशांत १९७२ सालीं वन्यजीव संरक्षण कायदा झाला. पुढें २००३ पासून त्यांत 'संवर्धन राखीव क्षेत्र' हा नवा प्रकार आला. असें क्षेत्र सरकारी जमिनीवर, स्थानिक लोकांचा विचार घेऊन ठरवितात; त्याच्या सल्लागार समितींत ग्रामपंचायतीचेहि प्रतिनिधि असतात. १८७८ नंतर सुमारें सव्वाशें वर्षांनीं वरील धडा याप्रमाणें कायद्यांत उतरला!

महाराष्ट्रांतील असें पहिलें क्षेत्र आपल्याच जिल्ह्यांत आहे. नाशिक शहराजवळील बोरगडचा डोंगर, सुमारें साडेतीन चौरस किलोमीटर, २००८ सालीं राखीव झाला. त्याच्या कड्यांवर गिधाडें राहतात. २०१७ सालीं अंजनेरीसहि हाच मान मिळाला. तेथें कंदीलपुष्पाची एक दुर्मिळ जात आढळते. शास्त्रज्ञांनीं तिचें नांवच त्या डोंगरावरून 'सेरोपेजिया अंजनेरिका' असें ठेविलें आहे.

आतां नदीच्या खालच्या अंगास पाहा. गोदावरी व कादवा यांच्या संगमावर विसाव्या शतकाच्या आरंभीं नांदूरमध्यमेश्वरचा बंधारा बांधला गेला. नद्यांनीं आणलेला गाळ तेथें सांचून उथळ पाणथळ जागा व बेटें तयार झालीं, आणि हिंवाळ्यांत दूरदेशींचे पक्षी तेथें उतरूं लागले. १९८६ सालीं हें अभयारण्य ठरलें व २०२० मध्यें महाराष्ट्रांतील पहिलें रामसर स्थळ म्हणून जाहीर झालें. डोंगराची माती जाते ती कोठें, याचें हें उत्तर. पक्ष्यांस तिचा लाभ झाला खरा. पण गाळ असाच सांचत राहिला तर तें पाणीहि एके दिवशीं उरणार नाहीं.

विद्यार्थी मित्रहो, सरकारी फलक लावल्यानें रान राखलें जात नाहीं. उन्हाळ्यांत वाळलेल्या गवतांत टाकलेली एक जळती काडी अनेक वर्षांचें काम एका दुपारीं नाहींसें करिते. अंजनेरीस सहलीला जाल तेव्हां फूल पाहा, तोडूं नका. आणि घरीं आल्यावर वडिलधाऱ्यांस विचारा कीं, त्यांच्या लहानपणीं आपली नदी उन्हाळ्यांत किती वाहत असे. त्यांचें उत्तर वहींत लिहून ठेवा. तुमच्या मुलांनीं तोच प्रश्न विचारला, तर तुम्हांस काय सांगतां येईल, हें पुष्कळसें आजच ठरत आहे.