आवाज फक्त त्याच्या बुटांचा

प्लास्टर निघून दोन महिने झाले, तरी मोटरपंपाचा खटका दाबताना उजवं मनगट अजून बोलतं. आणि ट्रेकवाल्यांचं म्हणणं असं की मी ‘सूचना पाळल्या नाहीत’. म्हणून लिहितो.

केदारकंठा हे उत्तराखंडातलं, उत्तरकाशी जिल्ह्यातलं 3,800 मीटरचं शिखर. जो तो म्हणतो, सोपं आहे, पहिल्यांदा बर्फ बघायचा तर हेच. नागपूरच्या भाच्याने स्वतःबरोबर माझंही नाव टाकलं. मलाही काही अवघड वाटलं नाही. चौरागडाच्या पायऱ्या चढलो आहे, नागद्वार केलं आहे, रोवणीत पऱ्ह्यांच्या पेंढ्या डोक्यावर घेऊन ओल्या धुऱ्यावरून जन्मभर चाललो आहे. पण धुऱ्यावर चिखल असतो, पायाची बोटं रुतवता येतात. तिथे रुतवायला काही नव्हतं.

भरपूर बर्फापेक्षा सुरुवातीचा थोडका बर्फ वाईट, हे मला पडल्यावर कळलं. डिसेंबरात चार बोटं बर्फ पडतो, दुपारी उन्हाने वितळतो, रात्री गोठतो. सुटीच्या दिवसांत त्यावरून शेकडो बूट जातात आणि वाट दाबून काच करून टाकतात. ढोपरभर बर्फात निदान पाय तरी रुततो.

बुटावर चढवायचे स्पाइक्स, म्हणजे रबरी पट्टा, खाली साखळी आणि पोलादी दात. त्यांचं भाडं ट्रेकवाल्यांनी पायथ्याच्या सांकरी गावातच घेतलं होतं. ‘पुढच्या कॅम्पवर देतो’ म्हणाले. पुढच्या कॅम्पवर आम्ही बावीस आणि जोड्या नऊ. बायकांना आणि लहान पोरांना आधी दिल्या, ते बरोबरच केलं. उरलेल्यांना लीडर म्हणाला, ‘आप लोग तो फिट हो. ऊपर जरूरत नहीं पड़ती.’ मी दोनदा विचारलं, भाच्यासमोर. हे मुद्दाम लिहून ठेवतो.

पहाटे तीनला निघालो. अंधार, डोक्याला टॉर्च, पुढे मुंग्यांसारखी रांग. तासाभराने एका वळणावर सगळे दम खायला थांबले आणि लीडर माझ्या शेजारून पुढे गेला. चर्र, चर्र, चर्र. तेवढ्या शांततेत फक्त त्याच्याच पावलांचा आवाज. आमच्या बुटांना आवाजच नव्हता, नुसती घसट. टॉर्च खाली वळवली. त्याच्या बुटांखाली पोलादी दात चमकत होते. जरूरत नहीं पड़ती!

तिथूनच परत फिरायला हवं होतं. नाही फिरलो. मागे भाचा, पुढे रांग, भरलेले पैसे, आणि खरं सांगायचं तर लाज. या एवढ्या गोष्टीत चूक माझी आहे, तेवढी मी मानतो.

वर स्वर्गारोहिणी दिसते, बंदरपूंछ दिसतं. छान आहे. फोटो सगळ्यांकडे आहेत.

पडलो उतरताना, झाडांच्या सावलीतल्या पट्ट्यात. उतारावर माणूस भीतीने मागे रेलतो, टाच आधी टेकते आणि टाचच सुटते. मी उजवा हात मागे टेकवला. कट्‌ असा आवाज मलाच ऐकू आला. लीडर वरून ओरडला, ‘पीछे मत झुको!’ ही त्या दिवसाची पहिली सूचना. हात माझ्याच दुपट्ट्याने बांधला, तोही त्याने नव्हे, सांकरीच्या एका खेचरवाल्या पोराने. एक्स-रे निघाला देहरादूनला, म्हणजे डोंगरातून जवळपास 200 किलोमीटर खाली.

आता जाणाऱ्यांसाठी. स्पाइक्स स्वतःचे घ्या आणि जे बूट नेणार त्यांच्यावर घरीच चढवून बघा. बर्फाळ पट्टा सुरू होण्याआधी सपाट जागी बसून घाला. मधेच उतारावर एका पायावर उभं राहून घालता येत नाहीत, थंडीत रबर ताठ होतं. भाड्यानेच घ्यायचे असतील तर पैसे देताना जोडी हातात घ्या, ‘पुढे देतो’ ऐकू नका. उतरताना गुडघे किंचित वाकवून, अंगाचा भार पावलांवर, पाऊल छोटं आणि पूर्ण तळवा टेकवून. हात खिशात नको. पाण्याची बाटली उलटी ठेवा, बर्फ आधी वरच्या बाजूला धरतो, तोंड मोकळं राहतं. मोबाइल आतल्या खिशात, नाहीतर बॅटरी बसते.

थंडीचा हिशोब आम्हा चौरास पट्ट्यातल्या लोकांना लागत नाही. हजार मीटर वर गेलं की साधारण साडेसहा अंश उतरतात. आपण समुद्रसपाटीपासून अडीचशे मीटरच्या आसपास. म्हणजे इथल्या शेकोटीच्या रात्रीतून आणखी तेवीस अंश वजा करा, वारा वेगळाच. सुती बनियन घालू नका. घामाने ओली झाली की वाळत नाही आणि थांबलात की अंग गारठतं. डोकं दुखून मळमळायला लागलं तर वर चढू नका, बरं वाटेना तर खाली उतरा. बाकी पाणी प्या, व्यायाम करा, डॉक्टरांना विचारा, हे सगळे सांगतातच.

विम्याचा कागद निघण्याआधी वाचा. माझ्या कागदात ‘साहसी खेळ’ वगळलेले होते, आणि डोंगर चढणं त्यात मोडतं हे मला नंतर फोनवर ऐकवण्यात आलं.

ट्रेकवाल्यांना मी तीन पत्रं पाठवली. उत्तर एकालाच आलं, ते वर लिहिलं आहे. शिखर सर केल्याचं प्रमाणपत्र मात्र आठ दिवसांत मोबाइलवर आलं. न मिळालेल्या स्पाइक्सचं भाडं अजून त्यांच्याकडेच आहे.

आमच्या आसगावातली दोन पोरं या डिसेंबरात जायचं म्हणतात. नंतर चिडून मी एक जोडी विकत घेतली होती, ती मागायला आली. दिली. पण आधी अंगणात त्यांच्याच बुटांवर, हातमोजे घालून, दहा वेळा चढवायला आणि काढायला लावली. दुसऱ्या जोडीचं काय, विचारलं तर म्हणाली, ‘तिकडं मिळते म्हणतेत ना, काका.’